चौतीस पत्रं आणि मानदुखी

‘लिही,’ शरयूताई म्हणाल्या, ‘बाई कामाला वाघ आहे. पण उकडीत मीठ घालायला विसरते.’

मी लिहिलं.

‘आणि लिही की स्वभावानं गरीब आहे. पण कुणी ओट्यावर ओलं फडकं टाकलं तर तिचा जो काही अवतार होतो ना, तो बघवत नाही.’

तेही लिहिलं.

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात गणपतीच्या आदल्या दिवशी अकरा बायका उकड मळत होत्या आणि बारावी मी, कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. मला पिठाला हात लावायची बंदी होती. माझे मोदक वाफेवर फुटतात. सात वर्षांत एकाही गणपतीनं माझा अखंड मोदक खाल्लेला नाही. त्यामुळे ‘वैजू, तू आपली लिही’ असं माझं पद ठरलेलं होतं. मी बार्शीची, दहावी पास. इंग्रजी शिकले ती ओहायोतल्या आमच्या गावच्या वाचनालयातून, लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांवर, आणि राहिलेली टीव्हीवरच्या कोर्टाच्या मालिकांवर. म्हणून माझं इंग्रजी अर्धं अस्वलांचं आणि अर्धं वकिलांचं आहे. पण मंडळातल्या बाकीच्या बायकांना हातानं लिहायचा कंटाळा. अक्षर माझं बरं.

पत्रं लिहायची होती एल्विरासाठी.

एल्विरा ग्वातेमालाची. चर्चची देखभाल तिच्याकडे होती. झाडलोट, स्वयंपाकघर, किल्ल्यांचा जुडगा. आमचं मंडळ गणपतीसाठी चर्चचं तळघर घ्यायचं, तेव्हा पहिल्या वर्षी ती दारात उभी राहून आम्हाला मोदक वळताना बघत होती. दहा मिनिटांनी आत आली, हात धुतले, शरयूताईंच्या पुढ्यातला गोळा उचलला आणि एकवीस कळ्यांचा मोदक वळून ताटात ठेवला. त्यांच्याकडे मक्याच्या उकडीत सारण भरून पानात उकडतात म्हणे, हात तयारच होता. शरयूताईंनी मोदक फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, ‘बरा आहे.’ शरयूताईंच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे इतरांच्या तोंडून पारितोषिक. त्या सुनेला सुद्धा लग्नानंतर सहा वर्षांनी ‘बरी’ म्हणाल्या.

तर या एल्विराकडे कागद नव्हते. अकरा वर्षं ती इथे होती. तिची लुसिया इथेच जन्मली, आठ वर्षांची, ती इथली नागरिक. आणि ऑगस्टमध्ये एल्विराला सरकारी नोटीस आली होती: अठ्ठावीस सप्टेंबरला सकाळी नऊ वाजता एक बॅग घेऊन हजर व्हा, तुम्हाला परत पाठवण्यात येईल. बॅगेचं वजन किती असावं तेवढं मात्र व्यवस्थित दिलं होतं.

चर्चच्या पास्टर इंग्रिड, सहा फूट उंच बाई, आवाज त्याहून उंच, यांनी गावातली सगळी देवळं गोळा केली. ज्यूंच्या सिनेगॉगचे रब्बी आले, गुरुद्वाऱ्याचे ज्ञानी अजैबसिंग आले, मशिदीतले दोघे आले. सगळ्यांनी मिळून आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात जायचं, माणसांना माणसासारखं वागवणारा कायदा करा म्हणून निवेदन द्यायचं, आणि निदान एल्विराचं जाणं थांबवा अशी विनंती करायची. बरोबर तिला ओळखणाऱ्यांची पत्रं जोडायची.

पास्टरबाईंनी आमच्या मंडळालाही बोलावलं. आमचे अध्यक्ष मुकुंदराव सबनीस, म्हणजे शरयूताईंचे यजमान. इथे येण्याआधी वीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. ते म्हणाले, ‘आपण पाहुणे लोक. नियमानं राहावं. बेकायदा राहणाऱ्याच्या बाजूनं मंडळाचं लेटरहेड वापरणं मला प्रशस्त वाटत नाही.’

‘नियमानं?’ शरयूताई म्हणाल्या. ‘आपला गणपती कुठंय वर्षभर?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे दहा दिवसांसाठी म्हणून आला. नदीत सोडायला परवानगी नाही म्हणून बादलीत बुडवून परत वर काढला. सात वर्षं झाली, चर्चच्या कपाटात नाताळच्या उंटांशेजारी लपून बसलाय. त्याचे कागद दाखवा मला.’

मुकुंदराव म्हणाले, ‘देवाची गोष्ट वेगळी.’

‘देवाचे पाचशे एक मोदक कोण वळतं? तुम्ही वळणार का पुढच्या वर्षी?’

ठराव एकमतानं पास झाला.

अशी ती पत्रं. दुपारपर्यंत माझ्याकडे चौतीस झाली. मंडळातल्या बायका आळीपाळीनं उकड मळायला येत होत्या, बोलत होत्या, मी लिहीत होते, त्या पिठाचा हात पुसून खाली सही करत होत्या. आता, आपल्या लोकांचा एक दोष म्हणा, आपल्याला तोंडभरून कौतुक करता येत नाही. केलं की चुकल्यासारखं वाटतं. नजर लागेल, समोरचा चढून बसेल, देव जाणे काय होईल. म्हणून प्रत्येक चांगल्या वाक्याला आपण एक ‘पण’ बांधतो, लहान मुलाच्या गालाला काजळ लावावं तसा. प्रतिभा गुळवेनं लिहायला लावलं, ‘माझ्या बाळंतपणात पंधरा दिवस डबा आणून दिला. पण डब्याचं झाकण एकदाही घट्ट नव्हतं.’ नीलाक्का म्हणाल्या, ‘प्रामाणिक आहे. माझी पाटली सांडली होती ती परत केली. पण सारखं त्यावरून बोलून दाखवते.’

‘पाटलीवरून कधी बोलली ती?’ मी विचारलं.

‘बोलत नाही. बघते.’

मी लिहिलं: ‘बघते.’

मी काही गाळलं नाही. मला वाटलं, लिहून घेणाऱ्यानं लिहून घ्यावं.

एल्विरा त्या वेळी भांडी विसळत होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण हसण्याच्या सुरावरून आपल्याविषयी काय चाललंय ते तिला बरोबर कळत असणार. मधेच तिनं विचारलं, ‘वैजा, ह्या सगळ्या माझ्याबद्दल चांगलं सांगतायत ना?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘आमच्या पद्धतीनं.’

ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आणि तुझं पत्र?’

‘लिहिते. आधी ह्यांची होऊ देत.’

तिनं हातातली ताटली पुसून जागेवर ठेवली.

सोमवारी आम्ही निघालो. मी सबनिसांच्या गाडीत मागे बसले. त्या दिवसांत मी गाडी चालवत नव्हते, मान दुखायची. चार महिने झाले होते. शरयूताईंनी वळून विचारलं, ‘लावतेस ना तेल?’ त्यांनी भारतातून येणाऱ्याजाणाऱ्याकडून मागवून मला आतापर्यंत महानारायण तेलाच्या तीन बाटल्या दिल्या होत्या.

‘लावते,’ मी म्हटलं.

‘फरक?’

‘थोडा.’

‘गरम करून लाव. तू आळशी आहेस.’

लोकप्रतिनिधीचं कार्यालय म्हणजे काही संगमरवरी खांब नव्हते. एका बाजूला दाताचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला पिझ्झा, मधे हे. पास्टरबाई, रब्बी आणि ज्ञानीजी आधीच येऊन बाहेरच्या खुर्च्यांवर बसले होते. एल्विरा लुसियाची वेणी घालत होती. तिनं स्वतःचा चर्चचा ठेवणीतला निळा झगा घातला होता आणि पायात कामावरचेच बूट होते. पास्टरबाईंनी माझ्या हातातली झेरॉक्सची चळत घेतली, ‘अरे वा, चौतीस!’ म्हणाल्या आणि वरचं पत्र वाचायला लागल्या.

त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. दुसरं वाचलं. तिसरं वाचलं.

‘वैजयंती,’ त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. ‘ह्यात लिहिलंय की ही बाई लवकर चिडते.’

‘ओलं फडकं टाकलं तरच.’

‘आणि हे? “तिच्या हातचं कधी खारट नसतं, कारण त्यात मीठच नसतं”?’

‘ते खरं आहे,’ शरयूताई मराठीत म्हणाल्या. कशाबद्दल चाललंय हे त्यांना न सांगता कळलं होतं.

रब्बी एक पत्र वाचून दाढीत हसत होते. ‘माझी आत्या अशीच लिहायची,’ ते म्हणाले.

‘हे नको द्यायला,’ पास्टरबाई म्हणाल्या. ‘आमच्या चर्चची साठ पत्रं आहेत, तेवढी पुरेत. मूळ प्रती कुठायत?’

मूळ प्रती मुकुंदरावांकडे होत्या. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. मुकुंदराव खिडकीपाशी स्वागतिकेशी हुज्जत घालत होते. त्यांनी चौतीसच्या चौतीस पत्रं, वर अनुक्रमणिका लावून, टाचून, दाखल करून टाकली होती आणि आता पोहोच मागत होते.

‘शिक्का,’ ते म्हणत होते. ‘मिळाल्याचा शिक्का. तारखेसह.’

‘सर, आमच्याकडे शिक्का नाही.’

‘सरकारी कार्यालयात शिक्का नाही?’

शेवटी तिनं दुय्यम प्रतीवर सही करून दिली आणि वर एक हसरं तोंड काढलं. मुकुंदराव विजयी मुद्रेनं परत आले. ‘आता नाकबूल करता येणार नाही त्यांना.’

‘नाही ना,’ पास्टरबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. प्रार्थना करत होत्या की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

लोकप्रतिनिधी राजधानीत होते. आम्हाला भेटल्या त्यांच्या मदतनीस, मिस ग्रिफिन. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, टेबलावर अर्धं सँडविच. त्या म्हणाल्या, ‘दहा मिनिटं आहेत माझ्याकडे.’ पास्टरबाई कायद्यावर बोलल्या, रब्बी बोलले, ज्ञानीजी बोलले. मिस ग्रिफिन मान डोलवत होत्या. मागे खोक्यांची उतरंड होती. त्यांनी तिकडे बोट दाखवलं. ‘ह्या प्रश्नावरची चार हजार पत्रं आहेत ती. दोन्ही बाजूंची. सगळ्यांचा मजकूर एकच, खाली फक्त नाव वेगळं. सगळे प्रामाणिक, सगळे कष्टाळू. मी रोज वाचते आणि मला एकाही माणसाचं तोंड दिसत नाही.’

एवढं बोलून त्यांनी आमचा गठ्ठा ओढला. पास्टरबाईंनी माझा हात धरला. चांगला दाबला.

मिस ग्रिफिननी चष्मा खाली घेतला. एक वाचलं. दुसरं वाचलं. मग मोठ्यानं वाचायला लागल्या. ‘“मुलीवर ओरडते तेव्हा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू जातो. पण दोन मिनिटांनी तीच तिची वेणी घालत बसलेली असते, आणि मग दोघींपैकी कोण रडत होतं ते सांगता येत नाही.”’

त्यांनी मान वर करून एल्विराकडे पाहिलं. एल्विराचा हात लुसियाच्या वेणीवरच होता. तिनं तो चटकन मागे घेतला.

‘हे कुणी लिहिलं?’

‘मी,’ मी म्हटलं.

‘हे?’ त्यांनी दुसरं उचललं.

‘मीच.’

त्यांनी पानं उलटत नेली. खोलीतली हवा बदलली ते मला कळलं. ‘सगळी पत्रं एकाच हातची आहेत,’ मिस ग्रिफिन म्हणाल्या. आता त्यांचा आवाज वेगळा होता, कोर्टाच्या मालिकेतला. ‘चौतीस माणसं म्हणताय तुम्ही. एकाच बाईनं बसून लिहिलेली चौतीस पत्रं मी साहेबांपुढे ठेवू शकत नाही.’

मुकुंदराव म्हणाले, ‘अनुक्रमणिका आहे.’ कुणी ऐकलं नाही.

‘त्यांचे हात पिठात होते,’ मी सांगितलं. ‘त्या बोलल्या, मी लिहिलं. सह्या त्यांच्याच आहेत. कागदाला पीठ लागलंय, बघा.’

त्यांनी बोट फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे. ‘यात तुमचं पत्र कुठलं?’

‘माझं नाही.’

‘तुम्ही तिला ओळखत नाही?’

‘ओळखते.’

‘कशा?’

‘आम्ही एका बसनं जातो. चौदा नंबर.’

मिस ग्रिफिन म्हणाल्या, ‘या गावात तुम्ही बसनं जाता?’

तो प्रश्न साधा होता. या गावात बसनं कोण जातं ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, एल्विराला तर सगळ्यांत आधी माहीत होतं. आमच्या गावात अंगणात एकेका घराच्या तीन गाड्या असतात. बसनं म्हातारे जातात, शाळकरी मुलं जातात, आणि ज्यांना गाडी चालवायचा परवाना मिळत नाही ते.

शरयूताई मागून म्हणाल्या, ‘सांग ना, मान दुखते म्हणून.’

मी एल्विराकडे पाहिलं. तिनं इतकी बारीक मान हलवली की दुसऱ्या कुणाला दिसलीही नसेल. नको, असं सांगत होती.

‘माझी मान दुखत नाही,’ मी म्हटलं.

आणि सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, अस्वलांचं आणि वकिलांचं सगळं इंग्रजी एकत्र करून. आमच्या ह्यांची कंपनी एप्रिलमध्ये बंद पडली. ह्यांच्या नोकरीवर व्हिसा, व्हिसावर मी, माझ्यावर परवाना. मे महिन्यात सगळं एकदम संपलं. नवी नोकरी आज लागेल, उद्या लागेल, म्हणून कुणाला बोललो नाही. मंडळात तर नाहीच. घरी पडदे ओढून ठेवायचो आणि बाहेर मी मानेला पट्टा लावून फिरायचे. पहिल्या दिवशी बसमध्ये चढले तेव्हा एल्विरा बसलेली होती. तिनं विचारलं, ‘गाडी बिघडली?’ मी म्हटलं, ‘नाही, मान दुखते.’ ती माझ्याकडे बघत राहिली, मग सरकून बसली, मला खिडकी दिली आणि म्हणाली, ‘माझी अकरा वर्षं दुखतेय.’

तेवढंच. त्यानंतर चार महिने आम्ही शेजारी बसलो, तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. स्वतःची नोटीस आली तेव्हाही नाही. तिला वाचवायला मी चौतीस बायकांचे शब्द लिहिले आणि स्वतःच्या नावापत्त्याची एक ओळ लिहायचं धाडस मला झालं नाही, हे तिला दिसत होतं. तिनं ताटली पुसून जागेवर ठेवली होती.

‘तर ओळखते ती अशी,’ मी म्हटलं. ‘कमी बोलते. पण...’

आणि माझा ‘पण’ पुढे सरकेना. चौतीस जणींना सुचला, मला सुचेना.

मिस ग्रिफिननी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. पेनाचं टोपण लावलं. ‘हे शेवटचं मी लिहून घेतलेलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘बाकीचं ठेवून जा. झाकणवालं पत्र मी साहेबांना स्वतः फोनवर वाचून दाखवीन.’

दहा मिनिटांची पस्तीस झाली होती. सँडविच तसंच पडलं होतं.

आम्ही गाडीत परत निघालो. मुकुंदराव इतक्या सावकाश चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. मला वाटलं, झालं, आता मंडळातून नाव गेलं. मग शरयूताईंनी मान वळवली.

‘तीन बाटल्या,’ त्या म्हणाल्या.

मी मानेचा पट्टा काढून मांडीवर ठेवला.

‘तीन बाटल्या तेल दिलं मी तुला. एक तर जोश्यांच्या सासूबाईंनी विमानात मांडीवर धरून आणली. कुठाय ते तेल?’

‘कपाटात आहे.’

‘मग ह्यांच्या गुडघ्याला तरी झालं असतं.’ आणि त्यांनी पुढे तोंड केलं. थोड्या वेळानं काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, ‘चार महिने पडदे ओढून बसलीस. मी काय मेले होते?’

मुकुंदरावांनी घसा साफ केला. ‘वैजयंतीबाई, सगळ्या अर्जांच्या पोहोच ठेवल्यात ना तुम्ही?’

‘ठेवल्यात.’

‘मग काही होत नाही,’ ते म्हणाले, आणि गाडीचा वेग वाढवला.

गुरुवारी, म्हणजे अठ्ठावीस तारखेच्या एक दिवस आधी, चर्चमध्ये फोन आला. लोकप्रतिनिधींनी पत्र दिलं होतं, एल्विराला एक वर्ष मिळालं होतं. पास्टरबाईंनी आनंदानं घंटा वाजवली, तीही चुकीच्या वेळी, त्यामुळे शेजारच्या दोघीतिघींना कुणीतरी गेलं असं वाटलं. एल्विरा मात्र भरलेली बॅग सोडायला तयार नव्हती. शेवटी लुसियानं तिच्यातून आपली शाळेची वही काढून घेतली, तेव्हा तिनं बाकीचं काढलं.

कायद्याचं म्हणाल तर तो अजून झालेला नाही. पास्टरबाई दरवर्षी जातात, रब्बी निवृत्त झाले तरी जातात, ज्ञानीजी गेले आणि आता त्यांच्या सूनबाई येतात. दरवर्षी एल्विराला एक वर्ष मिळतं. बारा वर्षं ती अशी एकेका वर्षानं राहिलीय. मोदकांचं खातं आता तिच्याकडे आहे. परवा शरयूताईंनी वळलेला मोदक तिनं फिरवून पाहिला आणि म्हणाली, ‘बरा आहे. पण कळ्या एकोणीसच आहेत.’ शरयूताई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

आमचे कागद त्याच वर्षी मार्गी लागले. ऑक्टोबरात ह्यांना नोकरी मिळाली, आणि पास्टरबाईंच्या ओळखीच्या वकीलबाईंनी आमचा मधला खंड सरळ करायला घेतला. त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला ओळखणाऱ्यांची काही पत्रं असली तर बरं.’ आठवड्यात त्यांच्याकडे एकोणतीस पत्रं पोचली, अनुक्रमणिकेसह. वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं आणि काळजीच्या स्वरात विचारलं, ‘ह्या बायकांशी तुमचं काही भांडण आहे का?’

शरयूताईंनी लिहिलं होतं, ‘विश्वासू. पण औषध घेत नाही.’ मुकुंदरावांनी लिहिलं होतं, ‘अक्षर उत्तम. पण तारीख कोपऱ्यात घालते.’

सगळ्यांत खाली, रेघांच्या कागदावर, लुसियाच्या अक्षरात, एल्विराचं होतं. चार ओळींचं.

‘वैजा माझी मैत्रीण आहे. तिनं माझ्यासाठी हात दुखेपर्यंत लिहिलं. तिनं माझ्यासाठी खरं सांगितलं, मी नको म्हणत असताना. पण पहिल्या दिवशी मी तिला खिडकी दिली, ती तिनं अजून परत केलेली नाही.’